जेल शिफ्ट की अॅनिसोट्रॉपी? आधी केडीचा अंदाज घ्या

प्रथिन डीएनएला किती घट्ट धरतं हे मोजायला जेल शिफ्ट (प्रथिन बसलेला डीएनए जेलमध्ये मागे राहतो, तो बँड पाहणं) लावायची की फ्लुओरेसन्स अॅनिसोट्रॉपी (प्रथिन बसल्यावर चमकणारा डीएनए किती सावकाश फिरतो हे प्रकाशावरून मोजणं), हे मोकळ्या यंत्रावरून ठरवू नका. केडी, म्हणजे निम्मा डीएनए बांधला जातो तेव्हाची मुक्त प्रथिनाची संहती, कुठे असेल याचा अंदाज आधी घ्या.

केडी १० नॅनोमोलर ते १ मायक्रोमोलर असेल तर निःशंकपणे अॅनिसोट्रॉपी. २० ते ३० बेसजोड्यांचा, टोकाला फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग लावलेला प्रोब, म्हणजे खूण लावलेला डीएनएचा तुकडा, १ ते २ नॅनोमोलर ठेवा. ३८४ वेलच्या (खळग्यांच्या) काळ्या प्लेटमध्ये प्रत्येकी २० मायक्रोलिटर पुरतं. मुक्त आणि बांधलेला डीएनए वेगळा करावा लागत नाही, त्यामुळे समतोल मोडत नाही. प्रोब फार लांब घेतला तर तो मुळातच सावकाश फिरतो आणि प्रथिन बसल्यावर फारसा फरक दिसत नाही. प्रथिन वाढवताना एकूण प्रकाशही बदलत असेल तर त्याची दुरुस्ती करा, नाहीतर वक्र सुंदर येईल आणि केडी चुकेल.

केडी ५० पिकोमोलर असेल तर मात्र हीच प्लेट फसवते. प्रोब २ नॅनोमोलर असताना वक्राचा मध्य एकूण प्रथिनाच्या १.०५ नॅनोमोलरला येतो. त्यात १ नॅनोमोलर निव्वळ प्रोबचा निम्मा हिस्सा असतो. इथे पी-३२ (किरणोत्सारी फॉस्फरस) लावलेला ५ पिकोमोलर प्रोब आणि जेल हवं: ६ टक्के अॅक्रिलमाइड, ०.५ पट टीबीई बफर, ४ अंश सेल्सिअस, नमुने भरण्याआधी अर्धा तास रिकामं चालवलेलं. ब्रोमोफिनॉल ब्लू हा रंग नमुन्यात न घालता शेजारच्या रिकाम्या वेलमध्ये घाला. केंद्रकाचा कच्चा अर्क असेल तरीही जेलच. पॉली डीआय-डीसी (कुठल्याही डीएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांना गुंतवून ठेवणारा कृत्रिम डीएनए) घालून किती वेगवेगळे संकुल बनतात ते डोळ्यांना दिसतं.

जेलचं दुखणं सुटण्याच्या वेगात आहे. जोडणीचा वेग १० कोटी प्रति मोलर प्रति सेकंद धरला, तर १० नॅनोमोलर केडीच्या संकुलाचं अर्धायुष्य ०.७ सेकंद, आणि नमुना जेलमध्ये शिरायलाच मिनिटं लागतात. जेलच्या जाळीत अडकलेले जोडीदार पुन्हा बांधले जातात म्हणून थोडं तगतं, पण दोन बँडांमध्ये ओघळ दिसतो. तेव्हा वरचा बँड न मोजता मुक्त प्रोब किती घटला ते मोजा. सगळा प्रोब वेलमध्येच अडकला तर प्रथिनाच्या गुठळ्या झाल्यात.

जुळण्या-सुटण्याचे वेगच हवे असतील तर बायोटिनवाला डीएनए आणि बीएलआय (सेन्सरवर चिकटवलेल्या डीएनएवर प्रथिन बसताना-सुटताना प्रकाशावरून मोजणारी पद्धत). बांधणीची उष्णता आणि एका डीएनएला किती प्रथिनं बसतात ते प्रमाण हवं असेल तर आयटीसी (ही उष्णता थेट मोजणारी पद्धत), पण त्याला मायक्रोमोलर संहतीचे नमुने लागतात.

कुठलीही पद्धत घेतली तरी मीठ सांभाळा. प्रथिनाचा साठा ३०० मिलिमोलर मिठात असेल तर पातळीकरण त्याच साठ्याच्या बफरमध्ये करा आणि प्रत्येक नळीत सारखंच आकारमान घाला. पाण्यात पातळ केलं तर जास्त प्रथिनाच्या नळीत मीठही जास्त जातं आणि वक्राचं वरचं टोक दबतं.