ऑरलँडोत हॉटेल किती वेळा बदलावे?

फ्लोरिडातील ऑरलँडोची दीर्घ सहल पहिल्यांदा आखणारे बहुतेक लोक आधी थीम पार्क निवडतात आणि मग उरलेल्या पैशांत बसेल ते हॉटेल घेतात. बारा-चौदा दिवसांच्या मुक्कामासाठी हा क्रम उलटा असावा, असे सहकुटुंब तिथे राहून आल्यावर माझे ठाम मत झाले आहे. डिस्ने आणि युनिव्हर्सल या दोन्ही कंपन्या आपापल्या रिसॉर्टमध्ये उतरणाऱ्यांना रांगेच्या, वेळेच्या आणि वाहतुकीच्या ज्या सोयी देतात, त्यांचे पैसे खोलीच्या भाड्यात आधीच धरलेले असतात. त्या सोयी वापरल्या नाहीत, तर नुसत्या झोपेसाठी अवाच्या सवा भाडे भरल्यासारखे होते. म्हणून सगळा मुक्काम एकाच ठिकाणी टाकण्यापेक्षा तो तीन-चार रिसॉर्टमध्ये विभागणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. मात्र दर वेळी बॅगा भरण्याच्या कटकटीच्या बदल्यात पदरात नेमके काय पडणार, याचे उत्तर बुकिंगपूर्वी तयार हवे.

खोपोलीच्या इमॅजिकाला सकाळी जाऊन रात्री घरी परतण्याची सवय असलेल्यांना इथल्या पसाऱ्याचा अंदाज सहसा येत नाही. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी मॅजिक किंगडमसह सुरू झाले. पुढे १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आजचे हॉलीवूड स्टुडिओज आणि १९९८ मध्ये ॲनिमल किंगडम यांची भर पडली. ही चार पार्क, दोन वॉटर पार्क आणि वीसहून अधिक हॉटेले मिळून शंभर चौरस किलोमीटरपेक्षा मोठ्या जागेत पसरलेली आहेत. तेथून मोटारीने साधारण अर्ध्या तासाच्या आत युनिव्हर्सल येते. तिथे १९९० चे युनिव्हर्सल स्टुडिओज आणि १९९९ चे आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर एकमेकांना लागून आहेत, शेजारी २०१७ चे व्होल्कॅनो बे हे वॉटर पार्क आहे. परंतु मे २०२५ मध्ये उघडलेले एपिक युनिव्हर्स या सर्वांपासून काही किलोमीटर दूर, स्वतंत्र जागेवर आहे. आमच्याकडे आलेल्या एका तयार पॅकेजमध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सल यांच्या मधोमध, हमरस्त्यावरचे एकच हॉटेल आणि दिवसातून दोनदा सुटणारी बस अशी सोय होती. भाडे आकर्षक होते, पण त्या बसच्या वेळा पाहता पार्क उघडण्याच्या क्षणी दारात पोहोचणे अशक्य होते. ऑरलँडोत तर सकाळचे पहिले दोन तास हाच दिवसाचा सर्वांत मोलाचा भाग असतो.

सहलीची सुरुवात युनिव्हर्सलने करावी. याचे पहिले कारण सामान. डिस्नेच्या एका रिसॉर्टमधून दुसऱ्यात जाताना तुमच्या बॅगा डिस्नेचे कर्मचारीच विनाशुल्क पोहोचवतात, परंतु युनिव्हर्सल आणि डिस्ने यांच्यामधला प्रवास तुम्हालाच टॅक्सी करून करावा लागतो. युनिव्हर्सल मध्यभागी घातले तर ही ओढाताण दोनदा होते, एका टोकाला ठेवले तर एकदाच. दुसरे कारण आपल्या शरीराचे घड्याळ. उन्हाळ्यात भारत ऑरलँडोच्या साडेनऊ तास पुढे असतो, त्यामुळे पहिले काही दिवस पहाटे चारला डोळे टक्क उघडतात आणि संध्याकाळी सहानंतर पोरे ताटावर पेंगू लागतात. डिस्नेचे खरे वैभव रात्रीच्या आतषबाजीत आहे, आणि ते अशा अवस्थेत वाया जाते. युनिव्हर्सलचा भर दिवसा करण्याच्या राइड्सवर असल्यामुळे, आणि तिथल्या हॉटेलांत उतरलेल्यांना निवडक पार्कमध्ये इतरांच्या आधी प्रवेश मिळत असल्यामुळे, ही पहाटेची जाग तिथे कामी येते.

युनिव्हर्सलच्या वरच्या श्रेणीतील पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांचे भाडे ऐकून कोणीही मागे सरकेल. परंतु या तिन्ही ठिकाणी खोलीतील प्रत्येकाला एक्सप्रेस अनलिमिटेड पास भाड्यातच मिळतो, आणि तो चेक-इनच्या तसेच चेक-आउटच्या दिवशीही पूर्ण दिवस चालतो. म्हणजे एका रात्रीच्या भाड्यात दोन दिवस रांगा टळतात. हाच पास वेगळा विकत घेतला तर गर्दीच्या दिवशी माणशी शंभर डॉलरच्या पुढे सहज जातो. चौघांचे दोन दिवसांचे आठ पास धरले, तर खोली जवळजवळ फुकटात पडते. मात्र दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. हा पास जुन्या दोन पार्कपुरता आहे, एपिक युनिव्हर्समध्ये चालत नाही. शिवाय विमानातून उतरलेल्या दिवशी या हॉटेलात चेक-इन केले तर पासचा एक अख्खा दिवस झोपेत जातो. म्हणून आल्याबरोबर एपिकजवळच्या टेरा लुना किंवा स्टेला नोव्हा या तुलनेने स्वस्त हॉटेलांत उतरावे, थकवा घालवून एपिक पाहून घ्यावे आणि त्यानंतर रॉयल पॅसिफिकची एक रात्र घ्यावी. चेक-इनच्या दिवशी खोली दुपारनंतर मिळत असली तरी पास सकाळीच हातात पडतो. बॅगा ठेवून थेट पार्क गाठावे. दोन्ही पार्कना जोडणारी हॉगवर्ट्स एक्सप्रेस ही गाडी मुलांना हवीच असणार, आणि तिच्यासाठी एका दिवसात दोन्ही पार्कमध्ये जाता येणारे तिकीट लागते, हेही तिकीट घेतानाच पाहावे.

डिस्नेच्या हद्दीत शिरल्यावर हिशेब बदलतो. तिथे वरच्या श्रेणीचे हॉटेल घेतले म्हणून रांगा फुकट टळत नाहीत. लाइटनिंग लेन ही सशुल्क सोय सर्वांनाच वेगळी विकत घ्यावी लागते आणि तिचा दर पार्क व गर्दी यांनुसार बदलतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या पद्धतीत डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या सात दिवस आधी संपूर्ण मुक्कामासाठी राइड्सच्या वेळा निवडता येतात, बाहेर उतरणाऱ्यांना केवळ तीन दिवस आधी. हा अधिकार स्वस्तातल्या खोलीलाही तेवढाच मिळतो, तसेच रोज सकाळी अर्धा तास लवकर प्रवेशही. साहजिकच पार्क बघण्याच्या दिवसांसाठी महाग रिसॉर्ट घेण्याचे प्रयोजन उरत नाही. वेळा निवडण्याची मुभा तिथल्या सकाळी सातला खुली होते, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडचे दुपारचे साडेचार. भारतातून निघण्यापूर्वीच हे काम उरकणार असाल तर कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत ना, हे आदल्या दिवशीच तपासावे.

डिस्नेच्या स्वस्त हॉटेलांत माझी पसंती पॉप सेंच्युरीला आहे. खोली आटोपशीर आहे. दिवसा जे टेबल असते, त्याच्याच जागी रात्री भिंतीतून दुसरा पलंग खाली ओढायचा. पण दारातून निघणारी स्कायलायनर ही केबल कार, मध्ये एकदा बदलून, एपकॉट आणि हॉलीवूड स्टुडिओजपर्यंत नेते. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेमुळे चारपैकी दोन पार्कसाठी बसची वाट पाहावी लागत नाही, आणि ढकलगाडीत झोपलेल्या मुलाला उचलण्याचीही सहसा गरज पडत नाही. विजा चमकू लागल्या की मात्र ती बंद होते, आणि फ्लोरिडात जून ते सप्टेंबर दुपारची वीज-पावसाची सर जवळजवळ रोजची असते. एका खोलीत चौघेच राहू शकतात. आजी-आजोबांसह सहा जण असतील तर शेजारच्या आर्ट ऑफ ॲनिमेशनमधील फॅमिली सूटचे भाडे आणि पॉप सेंच्युरीच्या दोन खोल्यांचे भाडे जरूर ताडून पाहावे. सूट स्वस्त असेलच असे नाही. मायक्रोवेव्ह आणि सगळ्यांना एक दार, हे त्याचे आकर्षण.

शेवटच्या दोन रात्री डिस्नेच्याच ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलात घालवाव्यात, आणि त्यातला एक दिवस पार्कच्या तिकिटाविना मोकळा ठेवावा. खोलीच्या सज्जाखालून जिराफ आणि झेब्रे फिरताना दिसतात, याचेच भाडे तुम्ही भरत असता. पहाटे बाहेर पडून रात्री दहाला परतणार असाल तर ते पैसे पाण्यात. खोली निवडताना सॅव्हाना व्ह्यू, म्हणजे प्राण्यांच्या कुरणाकडे उघडणारी, असे स्पष्ट लिहिलेले असावे, अन्यथा सज्जा वाहनतळाकडेही उघडू शकतो. या रिसॉर्टला मोनोरेल नाही, स्कायलायनर नाही, केवळ बस आहे आणि मॅजिक किंगडम दूर पडते. त्यामुळे सहलीच्या सुरुवातीला इथे उतरण्यात अर्थ नाही. लॉजच्या किदानी व्हिलेज या भागातील साना हे उपाहारगृह मात्र केवळ जेवणासाठीही गाठावे असे आहे. आफ्रिकी आणि भारतीय चवींचा मेळ असलेल्या इथल्या ब्रेड सर्व्हिसमध्ये नानसारख्या रोट्या, पापड आणि त्यांच्यासोबत वाट्यांची रांगच येते. आंब्याची चटणी, रायते, तिखट मिरचीची चटणी समोर आल्यावर आठवडाभर पिझ्झा आणि फ्राइज खाल्लेल्या आमच्या घरच्या ज्येष्ठांचे चेहरे खुलले. चव आपल्या घरची नव्हे, पण भूक भागते ती मनासकट. टेबलाचे आरक्षण साठ दिवस आधीपासून मिळते आणि खिडकीजवळ बसायचे असेल तर दिवसाउजेडीची वेळ घ्यावी.

दोन डिस्ने रिसॉर्टमधील सामानाची अदलाबदल हा या सर्व योजनेचा सांधा आहे, आणि तो उत्तम चालतो. सकाळी बेल सर्व्हिसेस या हॉटेलच्या सामान सांभाळणाऱ्या विभागाकडे बॅगा द्यायच्या, पुढचे रिसॉर्ट आणि आरक्षणाचे नाव सांगायचे, ते बॅगांना चिठ्ठ्या बांधतात, आणि तुम्ही पार्कमधून परस्पर नव्या रिसॉर्टवर जाता. बॅगा पोहोचायला दुपार उलटते. त्यामुळे औषधे, पासपोर्ट, चार्जर आणि मुलांचा एक कपड्यांचा जोड पाठीवरच्या पिशवीत हवा. मधुमेहाचे इन्सुलिन तर कोणत्याही परिस्थितीत बॅगेत टाकू नये.

जेवणाबाबत शाकाहारी मंडळींनी फार धास्ती घेऊ नये. डिस्नेच्या मेनूवर वनस्पतीजन्य पदार्थांपुढे पानाची खूण असते आणि काउंटरवर मागितल्यास थंड पाणी फुकट मिळते. डिस्नेच्या पार्कमध्ये आपला डबा नेता येतो, काचेच्या वस्तू तेवढ्या चालत नाहीत. थेपले, चिवडा, लाडू यांनी एका वेळचे जेवण सहज निभते आणि डॉलरही वाचतात. (एपकॉटच्या वर्ल्ड शोकेसमध्ये अकरा देशांची दालने आहेत, त्यांत भारत नाही, याची चुटपुट तिथे जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाला लागतेच.) घरची विजेची किटली नेण्याचा मोह मात्र टाळावा, कारण अमेरिकेतील १२० व्होल्टवर ती नीट चालत नाही.

आता जे खटकते त्याबद्दल. डिस्नेने विमानतळावरून रिसॉर्टपर्यंत नेणारी मॅजिकल एक्सप्रेस ही विनामूल्य बस २०२१ च्या अखेरीनंतर बंद केली, आणि एकेकाळी विनामूल्य असलेला फास्टपास आज सशुल्क लाइटनिंग लेनच्या रूपात उभा आहे. गर्दीच्या दिवसांत एकट्या मॅजिक किंगडमचे एका दिवसाचे तिकीट दोनशे डॉलरच्या आसपास जाते, त्यावर रांग टाळण्याचे पैसे वेगळे, आणि ऑरेंज काउंटीत खोलीच्या जाहीर भाड्यावर साडेबारा टक्के कर वेगळा. इतके मोजल्यावर निदान सुट्टी तरी निवांत असावी, तर दिवसभर मोबाइलमध्ये डोके घालून पुढच्या राइडची वेळ शोधावी लागते. याबाबतीत युनिव्हर्सलचा एक्सप्रेस पास मला कितीतरी सुसह्य वाटला. कोणतीही वेळ न निवडता सरळ आत जाता येते.

मुलांची उंची मुंबई-पुण्यातच मोजून घ्यावी, कारण दारावर कोणाचीही गय केली जात नाही. डिस्नेच्या स्पेस माउंटन या राइडसाठी ११२ सेंटिमीटर, ट्रॉनसाठी १२२ आणि युनिव्हर्सलच्या व्हेलोसीकोस्टरसाठी १३० सेंटिमीटर उंची लागते. धाकटे मूल बसू शकत नसेल तर आई-वडिलांनी आळीपाळीने, पुन्हा रांग न लावता बसण्याची सोय दोन्हीकडे आहे. महाराष्ट्रातील शाळांच्या सुट्ट्या पाहता मेचे पहिले तीन आठवडे सर्वांत सोयीचे, कारण तोवर तिथल्या शाळा सुरू असतात. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द न होणारे कोणतेही बुकिंग करू नये. मुंबईहून ऑरलँडोला थेट विमान नाही. दुबईमार्गे गेल्यास एकाच ठिकाणी विमान बदलावे लागते, आणि वृद्ध सोबत असतील तर थोडे जास्त पैसे देऊनही तोच मार्ग घ्यावा. अशा वेळी हॉटेलेही चारऐवजी तीनच ठेवावीत, आणि गाळायचे झाल्यास रॉयल पॅसिफिक गाळावे, कारण मोठ्या राइड्सवर न बसणाऱ्यांना एक्सप्रेस पासचा उपयोग बेताचाच.

परतीच्या दिवसासाठी पार्कचे तिकीट घेऊ नये. लॉजची खोली सकाळी अकराला सोडावी लागते, पण बॅगा बेल सर्व्हिसेसकडे ठेवता येतात. रात्रीचे विमान असेल तर दुपार डिस्ने स्प्रिंग्समध्ये काढावी. तिथे प्रवेशशुल्क नाही, रिसॉर्टवरून बस जाते आणि नातेवाइकांसाठीची खरेदी एका फेरीत आटोपते.