फिटनेस बँड: दिवसा थापा, रात्री कामाचा

सरळ मुद्द्यावर येतो. पाच हजाराच्या आतला फिटनेस बँड कुणी पावलं मोजायला घेणार असेल तर घेऊ नका, झोप आणि नाडी बघायला घेणार असाल तर घ्या. मी पावसाळ्याच्या तोंडाला घेतला, आंघोळ आणि पावरलूमच्या पट्ट्याजवळचं काम सोडलं तर हातातच असतोय. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण ह्या किमतीतल्या सगळ्यांच्या पोटात माल जवळजवळ तोच, हिरवी लाईट, लाल लाईट, हालचाल ओळखणारी एक चिप, आणि बाकी सगळं मोबाईलमधल्या ॲपचं गणित. ज्याला ज्याचा पट्टा आवडेल त्यानं तो घ्यावा.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे हे मत कुठनं आलंय ते कळेल. बेळगावच्या वडगावात आमचे घरचेच पावरलूम आहेत, साडीचे, अप्पांनी चालू केलेले. म्हणजे दिवसभर मागाभोवती उभं राहायचं, धागा तुटला की सांधायचा, कांडी संपली की बदलायची, लाईट गेली की बसायचं आणि आली की परत चालू, मग रात्रीचे अकरा वाजू देत नाहीतर बारा. झोपेला ठराविक वेळ म्हणून नाही. डॉक्टरनी बीपी बघितलं, म्हणाले काठावर आहे, गोळी आत्ताच नको, आधी रोज झोप किती होते ते सांगा. आता झोपलेला माणूस घड्याळ बघतोय काय? बायकोला विचारलं तर म्हणाली, "घोरूलालाय एवढं ऐकू येतंय, किती वाजेपर्यंत ते मी कशाला मोजत बसू?" म्हणून बँड.

खडेबाजारात एका मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याशी मराठी, शेजारच्या गिऱ्हाईकाशी कन्नड, फोनवर हिंदी, तिन्ही एकाच श्वासात, म्हणजे आपल्या बेळगावातला कुठलाही दुकानदार. त्यानं आधी बाराशे रुपयाचं मोठ्ठ्या स्क्रीनचं घड्याळ पुढं ठेवलं. "मामा, हे घ्या की, बीपी दाखवतंय, शुगर दाखवतंय, फोन पण ह्याच्यावरच उचला." मी म्हटलं थांब जरा, आणि त्याच्याच काउंटरवरच्या पाण्याच्या बाटलीला ते घड्याळ गुंडाळलं. थोडा वेळ गोल गोल फिरलं आणि बाटलीची नाडी आली ७२, बीपी ११८ बाय ७६. दुकानदार पण हसायला लागला, म्हणाला, "बाटली एकदम फिट हाय बघा."

गंमत सोडा, खरं ह्यात एक गोष्ट समजून घ्या. ह्या सगळ्या यंत्रांची नाडी मोजायची पद्धत एकच आहे. मागच्या बाजूला हिरवी एलईडी चमकते, रक्त हिरवा उजेड शोषून घेतंय, ठोका पडला की मनगटात रक्त जास्त येतंय आणि परत येणारा उजेड कमी होतोय, त्या कमीजास्तीवरनं ठोके मोजतात. ऑक्सिजनसाठी लाल आणि न दिसणारी इन्फ्रारेड अशा दोन लाईटी. बाटलीवरनं पण उजेड परत येतोच की, त्यामुळं चांगला बँड सुद्धा कधीमधी फसू शकतोय. खरं चांगला बँड बाटलीचं बीपी सांगत नाही. दंडाला पट्टा न बांधता बाराशे रुपयात बीपी म्हणजे आकडे फेकणं, ज्या महागड्या घड्याळात ती सोय आहे तिथं सुद्धा अधूनमधून दंडाच्या मशीनशी मेळ घालून घ्यावा लागतोय. आणि शुगरचं तर बोलूच नका. सुई न टोचता शुगर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी वापरू नका असं अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना मंजुरी देणारं तिथलं सरकारी खातं) २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर सांगितलंय, असल्या एकाही वस्तूला त्यांनी मंजुरी दिलेली नव्हती. आमच्या अप्पांना शुगर आहे, इन्सुलिन घेतात, असल्या घड्याळावर भरवसा ठेवून कुणी डोस कमीजास्त केला तर जीवावर बेतेल. दुकानदाराला हे सांगितलं तर म्हणाला, "लोक मागतात मामा, मी काय करू." ते पण खरंच आहे म्हणा.

शेवटी त्याच दुकानात साडेचार हजाराचा, बीपी-शुगरचं नाव न काढणारा बँड घेतला. ऑनलाईन दोनेकशे कमी होते, खरं बिघडला तर नाक दाबायला समोर माणूस पाहिजे.

आता पावलं. पहिल्याच दिवशी दुपारी जेवायच्या आत बँड थरथरला, फटाके उडाले, दहा हजार पूर्ण, अभिनंदन. मी म्हटलं मी तर मागाच्या खोलीच्या बाहेर पाय ठेवला नाही. मग लक्ष देऊन बघितलं. मागाच्या चौकटीवर डावा हात टेकून उभा राहिलो की आकडा आपोआप चढतोय, हात उचलला की थांबतोय. कारण सोपं आहे, आमचा माग मिनिटाला शंभर-सव्वाशे ठोके मारतोय आणि माणूस बऱ्यापैकी चालला तर मिनिटाला पावलं पण तेवढीच पडतात. बँडला पाय दिसत नाहीत, त्याला फक्त मनगटाला ठरावीक तालात बसणारे हिसके कळतात. गाडीचे हिसके वेडेवाकडे असतात ते तो बऱ्यापैकी गाळतोय (वडगाव ते शहापूर त्या रस्त्यावरनं गाडी घालून सुद्धा दोनतीनशेच्या वर फसला नाही, शाबास त्याची), खरं मागाचा ताल त्याला माणसाचाच वाटतोय. बँड उजव्या हातात घालून बघितला, ॲपमध्ये हात बदलून बघितला, काही फरक नाही. शेवटी मागावर असताना पावलांकडं बघायचंच सोडून दिलं.

बायकोनं दोन दिवस घातला तिची वेगळीच तऱ्हा. भाकऱ्या बडवताना हजारभर पावलं जमा, आणि भाजीची जड पिशवी घेऊन बाजारातनं चालत आली तर निम्मी पण नाहीत कारण पिशवीचा हात हलतच नाही. ती म्हणाली, "म्हणजे भाकरी केली की चाललं, आणि चाललं की नाही. ठेवा तुमचं तुमच्याकडं."

आणि ते दहा हजार पण कुठल्या डॉक्टरनं ठरवलेलं नाही बरं का. टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ ला जपानमध्ये कंबरेला लावायचं पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच दहा हजार होतं, जाहिरातीला बरं म्हणून. तिथनं जगभर पसरलं. चालणं चांगलंच, कमी चाललात म्हणून जीव टाकू नका एवढंच.

नाडीची परीक्षा मी बेळगावजवळच्या राजहंसगडावर घेतली. येळ्ळूर गावात गाडी लावून रविवारी सकाळी चालत वर. २०२३ ला महाराजांचा पुतळा झाल्यापासून गर्दी वाढलीय, लोक गाड्या घेऊन थेट वर जातात, चालणारे आम्ही दोनचार टाळकी. चढ लागला, धाप लागली, छाती धडधडतेय आणि बँड म्हणतोय ९८. अर्धा मिनिट गेल्यावर एकदम १४१. थांबून मानेवर दोन बोटं ठेवून मोजलं तर १४४, म्हणजे आकडा बरोबर, फक्त उशिरा येतोय. नंतर पट्टा मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर सरकवून जरा घट्ट केला तर उशीर कमी झाला. व्यायामाच्या वेळी हे करायचंच, सैल बँडमध्ये उजेड बाजूनं आत शिरतोय आणि सगळं गणित चुकतंय. २२० वजा वय हे जास्तीत जास्त ठोक्याचं जे गणित ॲप लावतंय ते ढोबळ आहे, माझं येतंय १७४, तिथपर्यंत जायची माझी तयारी पण नाही. ह्या बँडमध्ये स्वतःचं जीपीएस नाही, अंतर बरोबर पाहिजे तर मोबाईल खिशात ठेवावा लागतोय, नाहीतर पावलांवरनं अंदाज, आणि पावलांचं तर वर सांगितलंच.

आईच्या हातात घातला तेव्हा एक नवीनच गोष्ट कळली. आईच्या डाव्या हातावर मनगटापासून गोंदण आहे, जुन्या काळचं, दाट हिरवं. तिथं बँडला नाडीच लागेना, नुसत्या रेषा. उजव्या हातात घातला की लगेच आली. गोंदणाची शाई उजेड खाऊन टाकते. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना हा बँड भेट द्यायचा विचार असेल तर आधी हात बघा, बॉक्सवर हे कुणी लिहीत नाही.

आता रात्रीचं, ज्याच्यासाठी पैसे घातले.

इथं मात्र बँडनं मला गप्प केलं. पहिले पंधरा दिवस मी काहीच बदललं नाही, नुसतं घालून झोपलो. मला वाटायचं माझी झोप सहा-साडेसहा तास तरी असणार. निघाली पाच तासाच्या आसपास, आणि त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे झोपायची वेळ एकदा साडेदहा, एकदा एक, परत बारा, आलेख बघितला तर धागा तुटलेल्या कापडासारखा. मोठ्या माणसाला सात तास तरी पाहिजेत म्हणतात. दुपारी मागाच्या खोलीत जी वीसेक मिनिटं डुलकी घेतो ती बँडला झोप वाटतच नाही, ती धरली तरी गणित कमीच पडतंय.

आणि झोपेतली नाडी. ही खरी काम की चीज. दिवसा नाडी चहानं वाढते, भांडणानं वाढते, जिना चढल्यावर वाढते, रात्री मात्र अंग शांत असतंय तेव्हा जो आकडा येतोय तो तुमचा. माझा साधारण ६२. आषाढात वडगावच्या मंगाईची यात्रा झाली, आता यात्रा म्हटल्यावर पाहुणे, मटण, रात्री उशिरापर्यंत पंगती, आणि पाहुण्यांबरोबर थोडं जे काय ते पण. त्या रात्रीची नाडी ७४, पहाटेपर्यंत खाली यायचं नाव नाही. उशिरा जड जेवलं आणि वर दारू, की शरीर रात्रभर मागासारखं चालूच राहतंय हे वाचून माहीत होतं, खरं स्वतःच्या हातावर लिहून आल्यावर जरा वेगळं वाटतंय. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी हळूहळू जाग्यावर आली. पुढं गणपती विसर्जनाला तर मिरवणूक आपल्याकडं दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्या रात्री बँडनं "झोप नोंदली गेली नाही" एवढंच लिहिलं. बरोबरच होतं.

ताप यायच्या आदल्या रात्री पण नाडी अशीच वर गेलेली, तेव्हा लक्षात आलं नाही, मागं जाऊन बघितल्यावर दिसलं.

एक सावधगिरी. ॲप सकाळी रंगीत पट्ट्या दाखवतंय, गाढ झोप इतकी, हलकी इतकी, स्वप्नांची इतकी. ह्याच्यावर मिनिटामिनिटाचा विश्वास ठेवू नका. झोपेचे टप्पे खरे मोजायचे तर दवाखान्यात डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरी बघतात, मनगटावरचा बँड नुसती हालचाल आणि नाडी बघून अंदाज बांधतोय. कधी झोपलात कधी उठलात हे तो ठीक सांगतोय, खरं तुम्ही जागे असून न हलता पडून राहिलात तर त्याला पण झोपच धरतोय. मी अंथरुणात पडून मॅच बघितली ती "हलकी झोप" म्हणून आली. आमच्या भावोजींना गाढ झोप कमी दाखवतंय म्हणून टेन्शन येऊन झोपच लागेना, त्यांना सांगितलं आठवडाभर ॲप उघडू नका.

डॉक्टरना महिन्याचा आलेख दाखवला. रंगीत पट्ट्या त्यांनी बघितल्या पण नाहीत, झोपायची वेळ आणि रात्रीची नाडी एवढंच बघितलं आणि म्हणाले अकराच्या आत अंथरुणात पडा, जेवण आठला, घोरणं फार असेल तर झोपेची वेगळी तपासणी करू. आता रात्रीचे माग मुलगा आणि एक कामगार बघतात. झोप साडेसहावर आलीय, नाडी ५९-६०, बीपी दंडाच्या मशीनवर आधीपेक्षा बरं. ह्यात बँडनं काय केलं आणि लवकर जेवण्यानं काय केलं ते वेगळं काढता येणार नाही.

बाकी किरकोळ. मराठी मेसेज बँडवर नीट दिसतात, कन्नड मेसेजच्या जागी नुसते चौकोन. आपल्या भागात हा लहान त्रास नाही, हेस्कॉमचा, म्हणजे आमच्या वीज कंपनीचा, मेसेज म्हणजे चौकोनांची रांग, काय लिहिलंय ते बघायला मोबाईल काढावाच लागतोय. बॅटरी बॉक्सवर तेरा दिवस, रात्रभर ऑक्सिजन चालू ठेवला तर आठवडा, बंद केला की दहा दिवस. ऑक्सिजन मी बंदच केला. "स्ट्रेस" म्हणून एक आकडा येतोय तो बघायची गरज नाही, सूत महागलं की मला बँडशिवाय कळतंय.

अंगठ्या पण आल्यात आता, बेंगळुरूच्या अल्ट्राह्यूमनची आहे, फिनलंडच्या ओराची आहे, झोपेला हलक्या पडतात म्हणे. किंमत बँडच्या कितीतरी पट, आणि ओराला वर दर महिन्याची फी. खरं आमच्यासारख्या चालू मशिनीजवळ हात घालणाऱ्यानं बोटात अंगठी घालायचीच नाही, लग्नाची सुद्धा आम्ही काढून ठेवतो. बँड पण पुली आणि पट्ट्याजवळ जाताना मी काढतोय.

पावसाळ्यात पट्ट्याखाली घाम आणि पाणी साचून मनगटाला खाज आली होती. रबरी पट्टा काढून कापडी लावला, खडेबाजारातच दीडशेला मिळाला, रोज रात्री बँड पुसून हात कोरडा करून घालायचा, नंतर त्रास नाही. ५० मीटर पाण्यात चालतो असं लिहिलेलं असलं तरी साबण आणि कढत पाणी त्याला चालत नाही, म्हणून आंघोळीला काढायचा. आणि घेतानाच एक जादा चार्जर मागून घ्या, त्याची पिन दुसऱ्या कुठल्याच मोबाईलला बसत नाही, आमचा पहिला उंदरानं खाल्ला आणि नवीन यायला दहा दिवस लागले.