बीजिंग ते शिआन, विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये: चीनच्या हायस्पीड रेल्वेचं परीक्षण

मुंबई–सोलापूर वंदे भारत 455 किलोमीटरला साधारण साडेसहा तास घेते. बीजिंग वेस्ट ते शिआन नॉर्थ हे अंतर सुमारे 1,200 किलोमीटर आहे आणि हायस्पीड गाड्या ते साडेचार ते सहा तासांत कापतात. सेकंड क्लासचं भाडं साधारण 500 ते 600 युआन. एक युआन बारा रुपयांच्या आसपास धरला तर सहा-सात हजार रुपये. आठ-दहा दिवस हातात असलेल्या, खर्च जपून करणाऱ्या विद्यार्थ्याने चीनमध्ये एकाच सेवेवर पैसे टाकायचे असतील तर या मार्गावर टाकावेत. राजवाडा, चीनची भिंत, मातीचे सैनिक (टेराकोटा आर्मी) हे सगळं याच एका रेषेवर येतं. शिवाय मधलं शिजियाझुआंग मराठी माणसाने तरी सोडू नये. गाडी, वेळ आणि स्वच्छतेला पाचपैकी पाच. परदेशी पासपोर्टवर तिकीट काढण्याच्या सोयीला मात्र तीनच.

आधी तिकिटाचं. सरकारी ॲप म्हणजे 12306. त्यात इंग्रजी आवृत्ती आहे, पण परदेशी माणसाला पासपोर्टचा फोटो देऊन ओळख पडताळून घ्यावी लागते आणि ती लगेच होईलच असं नाही. म्हणून खातं निघण्याच्या बरंच आधी उघडा. नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो, कारण आपल्या पासपोर्टमध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून ‘गिव्हन नेम’ असतं. तिकिटावरही पासपोर्टमधलं स्पेलिंग आणि क्रम तसाच्या तसा यायला हवा. वडिलांचं नाव गाळलं तर स्टेशनवर काउंटरची रांग ठरलेली. विक्री साधारण 15 दिवस आधी खुली होते. हे झेपत नसेल तर ट्रिप डॉट कॉमवरून काढा. भारतीय कार्ड चालतं, वर थोडं सेवाशुल्क जातं, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने ते खुशाल द्यावं.

रद्द करण्याचे नियम उदार आहेत. आठ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर काही कापत नाहीत. त्यानंतर 48 तासांपर्यंत 5 टक्के, 48 ते 24 तासांत 10 टक्के आणि शेवटच्या 24 तासांत 20 टक्के.

कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. स्वयंचलित गेट मुख्यतः चिनी ओळखपत्रासाठी बनवलेली आहेत, त्यामुळे कडेच्या माणूस बसलेल्या गेटकडे जायचं. गेट गाडी सुटण्याच्या 15-20 मिनिटं आधी उघडतं आणि बऱ्याच स्टेशनांवर पाच मिनिटं आधी बंद होतं. धावत येऊन डबा पकडायची आपली सवय इथे कामाची नाही, गाडी समोर उभी असली तरी गेट उघडत नाही. त्याआधी पासपोर्ट तपासणी, सामानाचं एक्स-रे आणि विमानतळाएवढा वेटिंग हॉल. मेट्रोतून उतरल्यावर एक तास हाताशी ठेवा. चाकू आणि स्प्रेचे मोठे डबे काढून घेतात, म्हणून रोल-ऑन डिओ बरा.

स्टेशनाचं पूर्ण नाव वाचा. बीजिंगमध्ये वेस्ट, साउथ, फेंगताई अशी वेगवेगळी टोकं आहेत. शिआनला जुनं ‘शिआन’ आणि हायस्पीडचं ‘शिआन नॉर्थ’ ही दोन निराळी स्टेशनं आहेत. दादर वेस्टर्न आणि दादर सेंट्रलसारखा पूल ओलांडून जायचा हा मामला नाही.

आत सेकंड क्लासला 3+2 अशी मांडणी असते. A आणि F खिडकीच्या जागा, B मधली, E अक्षर वापरतच नाहीत. पाय पसरायला जागा पुरते, सीटजवळ चार्जिंग मिळतं, फर्स्ट क्लासचे जास्त पैसे विद्यार्थ्याने घालवू नयेत. डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ असतो, म्हणून थर्मास आणि कप नूडल्स सोबत ठेवा. गाडीत मिळणारे जेवणाचे डबे बहुतेक मांसाहारी असतात. पॉवर बँकेच्या बाबतीतही रेल्वेच बरी: जून 2025 पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत 3सी (चिनी सुरक्षा प्रमाणपत्राचा) शिक्का नसलेली पॉवर बँक चालत नाही, आणि इथून नेलेल्या बहुतेकांवर तो नसतो.

आता पाहायचं काय. बीजिंगला पॅलेस म्युझियम, म्हणजे 1406 ते 1420 दरम्यान बांधलेली फॉरबिडन सिटी. सोमवारी बंद. तिकिटं सात दिवस आधी बीजिंगच्या रात्री आठला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेपाचला खुली होतात आणि सुट्ट्यांच्या हंगामात भराभर संपतात. एप्रिल ते ऑक्टोबर 60 युआन, एरवी 40. विद्यार्थी सवलत आहे, पण ती चीनमध्ये शिकणाऱ्यांना धरून आखलेली. मुंबईच्या कॉलेजच्या आयकार्डवर भिस्त ठेवू नका. आत जायचं दक्षिणेच्या मेरिडियन गेटने आणि बाहेर पडायचं उत्तरेला. समोरच्या जिंगशान टेकडीवर चढलं की सगळी पिवळी छपरं एका नजरेत येतात. राजवाड्याचा आराखडा खरा तिथून कळतो. त्यानंतर भिंतीचा एक टप्पा निवडा: मुतियान्यूला गर्दी कमी आणि बुरूज जास्त, बादालिंगला थेट रेल्वे. चालायची तयारी असेल तर मुतियान्यूच घ्या.

शिजियाझुआंग बीजिंगपासून सव्वा तासाच्या आसपास आहे, भाडं सुमारे 130 युआन. पर्यटकांच्या यादीत हे शहर नसतं. पण सोलापूरचे, परळच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस इथल्या हुतात्मा स्मारकात चिरविश्रांती घेत आहेत. 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते गेले, चीन-जपान युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी गेले. त्याच आवारात कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांचीही समाधी आहे. बीजिंग–शिआन असं सरळ तिकीट न काढता बीजिंग–शिजियाझुआंग सकाळचं आणि शिजियाझुआंग–शिआन दुपारचं अशी दोन तिकिटं काढा. मध्ये निदान पाच तास ठेवा. प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही, त्यामुळे दुसरं तिकीट आधी पक्कं करा.

शिआनला सातव्या शतकातला बिग वाइल्ड गूज पॅगोडा आहे. ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या पोथ्या आणि मूर्ती ठेवण्यासाठी तो 652 मध्ये उभा राहिला. पुलकेशी दुसऱ्याच्या काळात महाराष्ट्रात येऊन इथल्या लोकांबद्दल लिहून गेलेला प्रवासी तो हाच. पॅगोड्यावर चढायचं तिकीट वेगळं लागतं. मातीच्या सैनिकांसाठी 120 युआन. 1974 मध्ये विहीर खणणाऱ्या शेतकऱ्यांना ते सापडले. आधी उत्खननाचा खड्डा क्रमांक 3 आणि 2, शेवटी 1 असं पाहिलं तर भव्यतेचा अंदाज चढत जातो आणि गर्दीही थोडी टळते. ब्राँझचे रथ आता खड्ड्यांजवळ नाहीत, ते लिशान गार्डनच्या भागात आहेत. त्याच तिकिटात तिथली मोफत बस मिळते. जायला मेट्रो लाइन 9 ने हुआछिंग ची स्टेशन आणि पुढे बस. जुन्या स्टेशनबाहेर ओरडून बोलावणाऱ्या गाड्यांत बसू नका, त्या भलत्याच दुकानांना फिरवून आणतात. शहराची तटबंदी 13.7 किलोमीटरची आहे आणि तिच्यावर भाड्याची सायकल चालवता येते. संध्याकाळ तिच्यासाठी राखून ठेवा.

शाकाहारी लोकांनी ‘मांस नको, मांसाचा रस्सा नको’ हे वाक्य चिनी लिपीत फोनवर ठेवावं. मापो टोफूसारख्या टोफूच्या पदार्थातही खिमा असतो. शिआनचं लियांगपी, म्हणजे थंड तिखट नूडल्स, बहुधा निर्धोक.

पैशांचा प्रश्न आपल्याला इतर देशांच्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त छळतो. वीचॅट आणि अलीपे दोन्हींवर भारतात 2020 पासून बंदी असल्याने इथून सगळं सेट करून जाता येत नाही. रुपे आणि यूपीआय तिथल्या दुकानांत धरून चालू नका. आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड आणि सुट्ट्या युआनच्या नोटा घेऊन जा. भारतीय सिमचं रोमिंग पॅक घेतलं तर बँकेचा ओटीपी येतो आणि व्हॉट्सॲपही चालतं. तिथलं स्थानिक सिम घेतलं तर गुगल, व्हॉट्सॲप बंद. व्हिसा मुंबईतूनच काढून जायचा, व्हिसाविना 240 तासांच्या ट्रान्झिटची सवलत भारतीय पासपोर्टला नाही.

1 ते 7 ऑक्टोबर आणि चिनी नववर्षाचा काळ सरळ टाळा. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात किंवा त्यानंतर आली तर ती उत्तम. हवा कोरडी, गाड्यांत जागा, आणि खर्च आणखी कमी करायचा असेल तर परतीला रात्रीची साधी गाडी: हार्ड स्लीपरचं भाडं हायस्पीडच्या निम्म्याच्या आसपास आणि हॉस्टेलची एक रात्र वाचते.