हिंगणघाटचा पॅकेजिंग वर्ग : जावं का?

हिंगणघाटला बचत गटांसाठी पॅकेजिंगचा वर्ग झाला, तो कसा होता हे समुद्रपूर तालुक्यातल्या बऱ्याच जणी फोन करून विचारताहेत. एकेकीला सांगत बसण्यापेक्षा इथं लिहून टाकते. जावं का? जावंच. हळद, तिखट, पापड, सरगुंडे, काहीही विकायला बनवत असाल तर नक्की जावं. दोन ठिकाणी वर्ग कमी पडला, तेही सांगते.

आमचा गट गिरडकडच्या एका गावातला. हळद घरच्या वावरातली, वाण वायगावचं. या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाला मिळणारी सरकारी ओळख, मिळालं. रंग आणि वास असा की डबा उघडला की शेजारणीला कळतं. पण बाजारात ती जाते पातळ पारदर्शक पिशवीत, तोंडाला स्टेपलरची पिन आणि आत नावाची चिठ्ठी. शेजारी कंपनीचं चकचकीत पाकीट असलं की गिऱ्हाइकाचा हात तिकडंच जातो. आमच्या हळदीला तिच्या तोलाचं पाकीट मिळावं, एवढ्याच इच्छेनं गेलो होतो.

पहिला दिवस पूर्ण इतिहासाचा होता. वेळापत्रक वाचून मागून आवाज आलाच, "इतिहास कायले पाह्यजे बाप्पा, पाकीट दाखवा ना!" मला विचाराल तर अख्ख्या वर्गातला सगळ्यात चांगला भाग तोच. सरांनी टेबलावर पळसाच्या पानात बांधलेला पुडा, संत्र्याची जुनी लाकडी पेटी, बारदान्याचा तुकडा, पत्र्याचा डबा असं मांडून ठेवलं होतं. एकेक वस्तू हातात द्यायचे आणि विचारायचे: आत काय होतं, कुठवर जायचं होतं, आणि वाटेत त्याचं काय बिघडलं असतं? हिंगणघाटच्या जिनिंगमधली कापसाची गठाणही त्यांनी यात घेतली. १७० किलो रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, दाबून बांधली नाही तर ट्रकमध्ये निम्मी हवाच जाईल. मी जन्मभर गठाणी पाहिल्या, पण त्यालाही पॅकेजिंग म्हणतात हे तिथं पहिल्यांदा डोक्यात शिरलं.

मग फ्रान्समधल्या निकोला आपेरची गोष्ट आली. हा मिठाईवाला. फौजेला आणि आरमाराला लागणारं अन्न टिकेना, म्हणून तिथल्या सरकारनं बक्षीस लावलं होतं. यानं काचेच्या बाटलीत अन्न भरलं, बूच घट्ट बसवलं आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवली. १८१० मध्ये त्याला १२,००० फ्रँक मिळाले. अन्न जंतूंमुळे नासतं हे पाश्चर या शास्त्रज्ञानं दाखवलं ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. म्हणजे कारण माहीत नसताना निव्वळ करून करून या माणसानं रीत बसवली. आपल्या आज्या-पणज्यांनी लोणच्यावर तेलाचा थर ठेवला तो असाच, हे सर म्हणाले तेव्हा वर्गातल्या बायांच्या माना आपोआप हलल्या.

त्याच वर्षी इंग्लंडात पीटर ड्युरांडनं पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. डबा आला, पण तो उघडायचं हत्यार यायला पंचेचाळीसेक वर्षं लागली. आमच्यातल्या एकीनं लगेच विचारलं, "मंग तोवर डबा फोडत कायनं होते?" सर म्हणाले, "छन्नी-हातोड्यानं, ताई." आणि तिथूनच त्यांनी मुद्दा काढला की पाकीट बंद करणाऱ्यानं उघडणाऱ्याचे हात आधी पाहावे. सत्तरीतली बाई ओल्या हातानं चुलीपाशी पाकीट फाडणार आहे, म्हणून कडेला फाडायची खाच हवी. ही खाच आता आमच्या पाकिटावर आहे.

रॉबर्ट गेअरची गोष्टही मला फार आवडली. १८७९, अमेरिकेत न्यूयॉर्कमधला छापखाना, बियाण्याच्या कागदी पिशव्यांचं काम चाललेलं. घडी पाडायची धातूची पट्टी सरकली आणि पिशव्या कापल्या गेल्या. माल वाया गेला, पण कापणं आणि घडी पाडणं एकाच दाबात होऊ शकतं हे त्यानं त्यातून हेरलं, आणि घडीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा उभा राहिला. सरांनी औषधाचं एक रिकामं खोकं प्रत्येकीला पूर्ण उलगडून सपाट करायला लावलं. चिकटवायची पट्टी, आत जाणारी जीभ, सगळं एका तुकड्यातलं. घरी येऊन मी साबण, अगरबत्ती, जे खोकं दिसेल ते उलगडून पाहिलं.

पुढचे दिवस कामाचे. हळदीचे शत्रू तीन: उजेड, हवा, ओल. उजेडानं रंग उतरतो, साध्या पातळ प्लॅस्टिकमधून वास निघून जातो, ओलीनं गोळे होतात. मोबाइलचा टॉर्च पाकिटात घालून उजेड बाहेर येतो का ते पाहिलं. आत चकाकता थर असलेलं पाकीट या परीक्षेत उतरलं. खाली पसरून उभं राहणारी पिशवी घ्यायची हेही तिथंच ठरलं. असली पिशवी फ्रान्सच्या लुई दोयेननं १९६२ मध्ये काढली. दुकानाच्या फळीवर ती टेकू न लावता उभी राहते.

सगळ्यात उपयोगाची गोष्ट सीलिंगची. पाकीट भरताना हळदीची भुकटी तोंडाच्या आतल्या बाजूला बसते आणि तिच्यावर गरम पट्टी दाबली की प्लॅस्टिक प्लॅस्टिकला चिकटतच नाही. वरून सील सरळ, सुंदर दिसतं. पाकीट बादलीतल्या पाण्यात बुडवून दाबलं की बारीक बुडबुडे निघतात. उपाय म्हणजे लांब नळीचं नरसाळं पाकिटाच्या तळापर्यंत घालून भरायचं आणि तोंड आतून कोरड्या फडक्यानं पुसायचं. माझ्या मते फी इथंच वसूल झाली.

लेबलचं सत्रही नीट झालं. निव्वळ वजनात पाकिटाचं वजन धरायचं नाही, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) १४ आकडी क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, एमआरपी, पॅकिंगचा महिना-वर्ष, पत्ता, तक्रारीसाठी फोन, ग्रॅममागे किंमत. वायगावच्या हळदीवाल्यांनी एक लक्षात ठेवा, मानांकनाचं नाव आणि खूण वापरायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. वावर तिथलं आहे म्हणून छापून टाकता येत नाही.

आता कमी काय पडलं ते. छपाईवर अर्धा तासही दिला नाही. ग्रॅव्ह्युअर या पाकिटं छापायच्या पद्धतीत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो, त्यामुळे हजारोंच्या संख्येत छापलं तरच परवडतं. वर्षाला दोन-तीन क्विंटल हळद विकणाऱ्या गटानं काय करायचं? तयार कोरी पाकिटं घेऊन वर चांगलं स्टिकर लावायचं, हे मी चहाच्या वेळी सरांना गाठून विचारलं तेव्हा कळलं. हे सगळ्यांसमोर यायला हवं होतं, कारण तिथं आलेले सगळे गट आमच्याएवढेच होते. शिवाय पडद्यावरची बरीच माहिती इंग्रजीत होती. दहावी शिकलेल्या बायांना ती वाचून दाखवायला कोणी तरी हवं होतं.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे म्हणतात. जाताना आपल्या मालाचा किलोभर नमुना न्या, सध्याचं पाकीट आणि स्टिकरही न्या. सर तेच हातात घेऊन शिकवतात. आणि छपाईचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा.