एप्सम सॉल्ट: फुगलेल्या माशावर कितपत चालतं?

पुण्यात एप्सम सॉल्ट औषधाच्या दुकानात मिळतं, खते-बियाण्यांच्या दुकानात 'मॅग्नेशियम सल्फेट' म्हणून मिळतं आणि ऑनलाइन अंघोळीचं मीठ म्हणूनही. माशासाठी औषधाच्या दुकानातलं साधं घ्या. सुगंध किंवा रंग घातलेलं टँकमध्ये अजिबात नको. लागतं इतकं थोडं, की खताच्या पिशवीत पैसे वाचवण्यात मतलब नाही. अ‍ॅक्वेरियम सॉल्ट म्हणून विकलं जातं ते सोडियम क्लोराइड, म्हणजे आपलं खडे मीठच. नायट्राइटच्या (माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणाऱ्या विषारी द्रव्याच्या) त्रासावर ते कामाचं, पोटाच्या सुजेवर नाही.

आधी सूज कसली ते ठरवा. मासा वरून बघा. खवले अंगाला चिकटलेले, पोट तेवढं गोल, विष्ठा बंद किंवा लांब दोऱ्यासारखी, पण मासा खायला येतोय: बहुधा बद्धकोष्ठ. खवले अननसासारखे उभे, डोळे बाहेर, मासा तळाशी: ही ड्रॉप्सी. ड्रॉप्सी हे लक्षण आहे. मूत्रपिंड निकामी झाल्याने अंगात पाणी साठतं, आणि त्यामागे बहुतेक वेळा घाण पाणी आणि एरोमोनाससारखे जीवाणू असतात. एकाच बाजूला फुगवटा असेल तर गाठीची शंका घ्या. गप्पी-मॉलीची मादी असेल तर पिल्लं, हे सांगायला नको.

बद्धकोष्ठावर या मिठाला पाचपैकी साडेचार. मासा वेगळ्या टँकमध्ये घ्या, 20 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. मीठ आधी मगभर टँकच्याच पाण्यात विरघळवा आणि तासाभरात थोडं थोडं सोडा. दोन दिवस उपास. मग गोल्डफिशला उकडून साल काढलेला मटार. फायटर (बेट्टा मासा) मांसाहारी, त्याला मटार पचत नाही, डॅफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) द्या.

ड्रॉप्सीवर पाचपैकी दोनच. मात्रा 20 लिटरला 10 ते 15 ग्रॅमपर्यंत चढवता येते, त्याने साठलेलं पाणी थोडं उतरतं आणि औषधाला वेळ मिळतो. जंतू मात्र मरत नाहीत. त्यासाठी प्रतिजैविक लागतं, तेही पशुवैद्याला विचारून. टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकण्याचा घरगुती उपाय इथे तर हमखास फसतो, कारण ते औषध मॅग्नेशियमला बांधलं जातं आणि वाया जातं. काउंटरवरून हातात पडणारी निळी बाटली बुरशीसाठी, पोटातल्या जंतूंसाठी नव्हे. खवले पूर्ण उभे राहिल्यावर मासा वाचणं अवघडच, हे विकणाऱ्याने सांगायला हवं, पण कोण सांगतो!

चूक सगळ्यात जास्त होते ती पाणी बदलताना. रोज 5 लिटर काढलं, तर नव्या 5 लिटरपुरतंच मीठ घाला, पूर्ण 20 लिटरचं नाही. वाफ होऊन कमी झालेल्या पाण्याच्या जागी नुसतं पाणी, कारण मीठ उडत नाही. नळाच्या पाण्याला आधी क्लोरीन काढणारे थेंब. वाघोली-वाकडकडे टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर ते मुळात जड असतं. एप्समने जडपणा आणखी वाढतो, म्हणून कमी मात्रेपासून सुरुवात. पीएच त्याने फारसा हलत नाही.

डिसेंबर-जानेवारीत हीटरशिवाय हा खटाटोप करू नका. फायटर, मॉलीला 27 अंश ठेवा, 20 लिटरला 25 वॉटचा हीटर पुरतो, गोल्डफिशला नको. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर स्टोन चालू हवा. मासा जिथून काढला त्या मोठ्या टँकचंही अमोनिया आणि नायट्राइट तपासा, दोन्ही शून्य हवेत. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुण्याची सवय असेल तर क्लोरीनने त्यातले पाणी साफ ठेवणारे जीवाणू मरतात, दुखण्याचं कारण तिथेच सापडेल.

पाकिटाबद्दल तक्रार एकच: झिप लागत नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत खडे पाणी सोडून पीठ होतात आणि त्याच वजनात मॅग्नेशियम जास्त जातं. आणल्याबरोबर घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. पीठ झालेलं असेल तर नवं आणा.