डोडेनगांग: संत्री कुठे उभा राहायचा?

बावीस वर्षं पायदळात काढली, त्यातल्या कितीतरी रात्री पहाऱ्यावर. त्यामुळे लेक-जावयांनी बेल्जियममधल्या डिक्समुडजवळचा हा पहिल्या महायुद्धातला खंदक दाखवायला नेलं, तेव्हा बाकी सगळं सोडून मी आधी संत्रीची जागा शोधली.

खंदक ईझर नदीच्या काठाने नागमोडी जातो. ऑक्टोबर 1914 मध्ये बेल्जियनांनी भरतीचं पाणी आत घेऊन मैदान बुडवलं आणि जर्मन अडले. समोरचा जर्मन बंकर जेमतेम पन्नास मीटरवर. तेवढ्या अंतरावरून खोकला ऐकू जातो हो!

भिंतीतल्या भोकाला डोळा लावला आणि मान आपसूक बाजूला गेली. अशा भोकातून पलीकडचा उजेड दिसत असतो. संत्रीने डोकं लावलं की तो बुजतो, आणि समोरचा स्नायपर त्याचीच वाट बघत असतो. म्हणून मागे गोणपाटाचा पडदा सोडायचे. दिवसा शक्यतो दोन आरशांच्या पेरिस्कोपनेच बघायचे. रात्री मात्र डोकं वर काढावंच लागे. प्रकाशगोळा फुटला तर खाली बसायचं नाही, आहे तसं थिजायचं. हललेलं माणूस आधी दिसतं. आम्हालाही हेच शिकवलं होतं.

जावईबापू सहा फुटी. त्यांचं डोकं भिंतीवर आलेलं पाहिलं आणि मी खांद्याला धरून त्यांना खाली दाबलं. लेक हसली. मला काही हसू आलं नाही.

झोपेचं भय वेगळंच. त्या युद्धात ब्रिटिश सैन्याने पहाऱ्यावर झोपल्याबद्दल 449 जणांना मृत्युदंड सुनावला होता. गोळ्या घातल्या दोघांनाच, तेही मेसोपोटेमियात. पण उभं असणाऱ्याला तो आकडा कुठे माहीत? मी एकदा पेंगताना सापडलो होतो, पाठीवर सामानाचा पिठ्ठू लावून मैदानाला फेऱ्या मारल्यावर सुटलो.

एकच खटकलं. टिकावीत म्हणून वाळूच्या पोत्यांच्या जागी सिमेंटची पोती रचली आहेत. नाइलाज असेल, पण चिखल नाही, उंदीर नाहीत, घोट्यापर्यंत पाणी नाही. ओल्या बुटात दोन तास ताटकळणं म्हणजे काय, ते या स्वच्छ वाटेवरून कळत नाही. आतलं संग्रहालय ठीक, अर्ध्या तासात होतं.

पाचपैकी चार तारे. पाऊस असेल तर बेत रद्द करू नका, उलट त्याच दिवशी जा. छत्री मात्र गाडीतच ठेवा.