मोठ्या अक्षराचं टिपांवालं मराठी बायबल, संदेष्ट्यांच्या भागासाठी तरी घ्याच

आबाची नजर आता बारीक अक्षरावर टिकत नाही म्हणून हे मागवलं. आमच्या खेड्यावर कुरिअर येत नाही, तालुक्याला जाऊन पार्सल आणावं लागलं, पण पॅकिंग चांगलं होतं. अक्षर खरंच मोठं आहे, लाइन गेली तरी मोबाईलच्या टॉर्चवर वाचता येते.

खरं सांगायचं ते टिपांबद्दल. यशया, यिर्मया, यहेज्केल या संदेष्ट्यांची पुस्तकं, त्यातले यशया १३ ते २३, यिर्मया ४६ ते ५१, यहेज्केल २५ ते ३२ हे अध्याय, हा परराष्ट्रांवरच्या न्यायाचा भाग मी लहानपणापासून पानं उलटून सोडून द्यायचो, मवाब, अम्मोन, अदोम ही इस्राएलच्या शेजारची राष्ट्रं, सोर, सीदोन ही समुद्रकाठची शहरं, नुसती नावंच नावं, आणि वाटायचं की देव आपल्या लोकांना सांभाळते आणि बाकीच्यांचा नाश करते, बस. तो गैरसमज या टिपांनी पार काढला.

आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय आम्ही सोंगणी झाल्यावर रात्री ओसरीत वाचले. आमोस स्वतः तकोवा गावचा मेंढपाळ. दिमिष्कावर, म्हणजे दमास्कसवर, दोष काय, तर इस्राएलच्या गिलाद भागातल्या लोकांना लोखंडी अवजारानं मळलं. टिपेत दिलंय की जड फळीला खालून दाते बसवून ती बैलांनी धान्यावर फिरवायचे. आबानं जन्मभर खळ्यावर बैल फिरवले, ते ऐकून तो कितीतरी वेळ बोललाच नाही. अम्मोननं हद्द वाढवायला गरोदर बायांची पोटं चिरली, म्हणजे धुऱ्यासाठीच झालं हे सगळं. अन् मवाबनं अदोमच्या राजाची हाडं जाळून चुना केला. यात इस्राएलचं काहीच गेलं नव्हतं बरं का, अदोम तर इस्राएलचा वैरी, त्याच यादीत त्याच्यावरही न्याय आहे, तरी देव त्या हाडांचा हिशोब मागते! शेवटी यहूदा आणि इस्राएल या देवाच्या स्वतःच्या लोकांनाही त्याच रांगेत उभं केलंय. आणि यशया १६ मध्ये मवाबचे द्राक्षमळे गेले, पीक घरी येतानाचा आनंदाचा आवाज बंद झाला, म्हणून रडणं आहे. दुसऱ्या राष्ट्राच्या पिकासाठी रडणं. लय भारी वाटलं मला ते.

एक स्टार कमी केला तो सोरच्या टिपेसाठी. यहेज्केल २६ ला लिहून टाकलं की बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं सोर पाडलं, झालं. अहो, तीन अध्याय पुढं २९:१८ मध्ये यहेज्केलच सांगतो की नबुखद्नेस्सराच्या सैन्याची डोकी टकली झाली, खांदे सोलले, आणि सोरकडून मजुरी काहीच मिळाली नाही. सोरचं बेटावरचं शहर पडलं ते इ.स.पू. ३३२ ला, सिकंदरानं समुद्रात भराव टाकून रस्ता केला तेव्हा. असा अवघड भाग झाकून ठेवू नका, आमच्या रविवारच्या मंडळीत पोरं नेमका हाच प्रश्न विचारतात.

नकाशा दोन पानांच्या मधोमध छापला, अर्धा मवाब शिवणीत गेला, तेवढं पुढच्या छपाईत सुधारा.

नवीन माणसानं ओबद्याच्या पुस्तकापासून सुरू करावं, २१ च वचनं आहेत. आम्ही सध्या नहूमच्या पुस्तकावर आहो, त्यात अश्शूरची राजधानी निनवेवरचा न्याय आहे, निनवे पडल्याचं साल इ.स.पू. ६१२ टिपेत बरोबर दिलंय.